भाकरी रुसली, पण कुणावर?

परवा सकाळी दळण घेऊन गिरणीत गेले होते. ओट्यावर डब्यांची ही लांब रांग, आणि सगळे डबे गव्हाचे! ज्वारीचा डबा माझा एकटीचाच. गिरणीवाले म्हणाले, "वहिनी, डबा ठेवून जा. ज्वारीचे आणखी दोन-चार डबे जमले की मग दळतो. पूर्वी उलटं असायचं बघा. गव्हाच्या दळणाला लोक थांबायचे."

मीही थांबले, आणि चार बायका जमल्यावर व्हायचे तेच झाले. गप्पा सुरू झाल्या. एकजण म्हणाली, "आमच्या ह्यांना डॉक्टरांनी भाकरी खायला सांगितलीय. पण सुनेला थापता येत नाही आणि माझे गुडघे ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत." दुसरी म्हणाली, "मुलांना पोळीच लागते डब्यात. भाकरी नेली तर वर्गात हसतात म्हणे." कोपऱ्यात आमच्या आळीत चार घरची कामे करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अवो ताई, ज्वारी आता तुमच्यासारख्यांची झाली. आमच्या कार्डावर गहू-तांदूळ येतो. फुकट मिळतंय ते सोडून पन्नास-साठ रुपयं किलोची ज्वारी कोन घेनार? माझी आई जलमभर भाकरीवर जगली. माझी पोरं आता भाकर बघून नाक मुरडत्यात."

मैत्रिणींनो, मावशींचे ते बोलणे माझ्या डोक्यातून जाईना. गरिबाची भाकरी श्रीमंताच्या पथ्याची कधी झाली? आपण बायका असल्या वेळी पटकन स्वतःला बोल लावून मोकळ्या होतो. "आपल्यालाच आळस आला," "हल्लीच्या मुलींना काही येत नाही," "मुलांचे लाड फार झाले." पण हे खरे आहे का? भाकरी आपल्यावर रुसली, की तिला कुणी घराबाहेर काढले? जरा खोलात शिरून पाहिले तेव्हा कळले, की आपल्या ताटात काय पडायचे हे केवळ आपल्या स्वयंपाकघरात ठरत नाही. त्यातले पुष्कळसे सरकारच्या खरेदीत, रेशनच्या दुकानात आणि कालव्याच्या पाण्यात ठरते.

भाकरी ताटातून कशी गेली?

तुमच्यापैकी ज्यांच्या आई-सासूबाईंनी 1972 चा दुष्काळ पाहिला असेल, त्यांना लाल मिलो विचारून बघा. त्या वर्षी महाराष्ट्रात पीक करपले आणि रेशनवर परदेशातून आलेली लालसर ज्वारी मिळू लागली. तीच मिलो. खडी फोडायच्या कामावर दिवसभर राबून आलेल्या बायका रात्री तिच्या भाकरी थापत. ती भाकरी घशाखाली उतरत नसे, असे जुन्या बायका अजून सांगतात. पण तिने जीव जगवले हेही तितकेच खरे.

त्याच्या आधी काही वर्षे, 1965 आणि 1966 मध्ये, पाठोपाठ दोन दुष्काळ पडले होते. देशाला परदेशी गव्हाच्या बोटींची वाट पाहावी लागे. पुन्हा अशी वेळ नको, म्हणून सरकारने कंबर कसली. 1965 मध्ये धान्य विकत घेऊन साठवणारे भारतीय अन्न महामंडळ निघाले. त्याच वर्षी शेतमालाचे भाव सुचवणारा आयोग नेमला गेला. 1966 मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे 18 हजार टन बियाणे आणले. पाणी, खत, बियाणे आणि खात्रीचे गिऱ्हाईक असे सगळे एकत्र आल्यावर पंजाब-हरियाणाचा शेतकरी मागे कशाला राहील? गव्हाची आणि पाठोपाठ तांदळाची कोठारे भरली. ते काम मोठे होते. आज त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण भुकेल्या घराला पथ्य सुचत नाही.

मात्र घरात पाहुण्याची सरबराई करता करता घरच्या म्हाताऱ्या माणसाकडे दुर्लक्ष व्हावे, तसे ज्वारी-बाजरी-नाचणीचे झाले. सरकार खरेदी करी मुख्यतः गहू आणि तांदूळ. साहजिकच रेशनवर वाटप व्हायचे तेही त्यांचेच. ज्वारीवर संशोधन झाले नाही असे नाही. 1964 मध्ये सी. एस. एच. 1 हे संकरित वाण आले आणि उत्पन्नही वाढले. पण त्याचे ताट बुटके, म्हणजे बैलांना कडबा कमी. शिवाय पावसाळी ज्वारीचे कणीस काढणीच्या वेळी भिजले की दाणा काळा पडतो. अशा ज्वारीची भाकरी कोण आवडीने खाणार? बाजारात तिला भाव मिळेना. हळूहळू पावसाळी ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, कापूस वाढला, पाणी मिळाले तिथे ऊस आला.

1970 च्या सुमारास आपल्या देशात दीड कोटी हेक्टरांहून जास्त जमिनीवर ज्वारी होती. आता ती 40 लाख हेक्टरांच्या आसपास उरली आहे. महाराष्ट्र अजूनही तिचे माहेर आहे. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या भागात रब्बीची शाळू टिकून आहे. पण माहेरसुद्धा आता आटत चालले आहे.

भाव आहे, गिऱ्हाईक नाही

तुम्ही म्हणाल, सरकार ज्वारीला हमीभाव देते ना? देते तर! 2024-25 चे आकडेच पाहा. भाताला क्विंटलला 2,300 रुपये, संकरित ज्वारीला 3,371, मालदांडीला 3,421 आणि नाचणीला तर 4,290 रुपये. म्हणजे कागदावर नाचणी भातापेक्षा कितीतरी वरचढ.

पण हमीभाव जाहीर होणे निराळे आणि त्या भावाने माल घेणारे केंद्र गावाजवळ उघडणे निराळे. लग्नपत्रिकेत 'आपली उपस्थिती हाच आहेर' असे छापलेले असते ना, त्यातली गत! छापलेले आपण वाचतो, पण प्रत्यक्षात काय करायचे ते वेगळेच ठरलेले असते. पंजाबातल्या शेतकऱ्याला ठाऊक असते, की गहू-तांदूळ मंडईत नेला की सरकार तो घेणारच. आपल्याकडच्या कोरडवाहू ज्वारीवाल्याला ही खात्री बहुधा नसते. मग तो पेरतो घरापुरती आणि गुरांपुरती.

इकडे आपल्या बाजूला काय आहे? 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असे दर कायद्यातच लिहिले होते. जानेवारी 2023 पासून तर हे धान्य मोफत झाले. वाचा बरं पुन्हा: भरड धान्य 1 रुपया! म्हणजे ज्वारी-नाचणीला कायद्याने दार उघडेच ठेवले होते. पण जे खरेदीच होत नाही ते दुकानात येणार कुठून? आपल्याकडे मधूनमधून काही जिल्ह्यांत ज्वारी वाटली गेली, नाही असे नाही. पण दर महिन्याचा भरवसा गहू-तांदळाचाच.

त्यात एक अडचण तुमच्या-माझ्या ओळखीची आहे. ज्वारी गव्हासारखी वर्षानुवर्षे पोत्यात टिकत नाही, लवकर किडते. म्हणून ती घेतल्यावर ठरावीक मुदतीत वाटून टाकावी असा सरकारी नियम आहे. ही मुदत इतकी तोकडी होती की राज्ये खरेदीलाच बिचकत. डिसेंबर 2021 मध्ये ती वाढवून ज्वारीसाठी 9 आणि नाचणीसाठी 10 महिने केली. बघा, एका दफ्तरातली एक ओळ बदलली की ताटातली भाकरी जवळ येते किंवा लांब जाते!

भाकरीच्या मागे काय काय येते

"गेली ज्वारी तर गेली, गहू आहे ना?" असे म्हणणाऱ्याही असतील. त्यांच्यासाठी थोडे शेतातले सांगते.

रब्बीची शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पाऊस सरलेला असतो. काळ्या जमिनीच्या पोटात मुरलेल्या ओलाव्यावर आणि थंडीवर ती वाढते. डिसेंबर-जानेवारीत आपण हुरडा खायला जातो, तो तिचाच. मोहोळच्या संशोधन केंद्राने गावरान मालदांडीतूनच निवडलेला वाण आजही लोकांच्या आवडीचा आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या पिकाला कालवा लागत नाही की विहिरीला पंप. दाणा माणसाला, कडबा गुरांना, शेण पुन्हा शेताला. सासूने सुनेच्या हाती चाव्या द्याव्यात तसा हा फेरा चालायचा. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की गोठा रिकामा होतो, आणि गोठा रिकामा झाला की खताची पिशवी उधारीवर आणावी लागते.

आणि पाणी? एप्रिल 2016 आठवते? लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. ज्या मराठवाड्यात शाळू ओलाव्यावर पिकते, त्याच मराठवाड्यात बारमाही पाणी पिणारा ऊसही उभा होता. उसाला साखर कारखाना हे हक्काचे गिऱ्हाईक आहे. दोष शेतकऱ्याचा कसा म्हणावा? ज्याला गिऱ्हाईक असते तेच माणूस पिकवतो.

उन्हाळे वाढत आहेत, पावसाचा नेम राहिला नाही. अशा दिवसांत कमी पाण्यावर येणारे धान्य घालवून बसणे म्हणजे घरातली जुनी विहीर बुजवून टँकरवर विसंबण्यासारखे आहे. ताटातल्या कसाचे म्हणाल, तर 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते जेमतेम 10 मिलिग्रॅमच्या आसपास. वाढत्या वयाच्या मुलीला, बाळंतिणीला आणि गुडघे धरणाऱ्या आपल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एका रात्रीत सगळे बदलावे का?

मग सरकारने एक फर्मान काढावे आणि उद्यापासून सगळे पूर्वीसारखे करून टाकावे का? तसे करून पाहिलेल्या शेजारच्या देशाची गोष्ट ऐका.

2021 च्या वसंतात श्रीलंकेच्या सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशके यांची आयात जवळजवळ एकाएकी बंद केली. साऱ्या देशाने सेंद्रिय शेती करावी, असा बेत होता. बेत वाईट होता का? नाही. पण शेणखत, कंपोस्ट पुरेसे तयार नव्हते आणि शेतकऱ्याला शिकायला वेळही दिलेला नव्हता. भाताचे पीक मोठ्या प्रमाणात घटले, चहाच्या मळ्यांना फटका बसला, शेतकरी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर 2021 मध्ये बंदी मागे घ्यावी लागली, आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. परकीय चलनाची टंचाई आधीपासून होती, त्यात ही भर पडली.

आपल्याकडेही असे होते. पंजाबात भाताने जमिनीतले पाणी ओढून घेतले, म्हणून 2009 मध्ये कायदा झाला की लावणी ठरावीक तारखेच्या आधी करायची नाही. हेतू चांगलाच होता. पण लावणी पुढे गेली, तशी कापणीही पुढे गेली. गव्हाच्या पेरणीपर्यंत दिवस थोडे उरले, म्हणून धसकटे पेटवून शेत मोकळे करण्याची घाई वाढली, आणि वारा पडलेल्या ऐन नोव्हेंबरात तो धूर दिल्लीपर्यंत कोंडू लागला. स्वेटरचा एक टाका सुटला म्हणून धागा ओढावा आणि अख्खी बाही उसवावी, तसे झाले.

म्हणजे बदल हवा, पण तो नव्या सुनेने घरात रुळावे तसा. एकेक गोष्ट हाती घेत, आणि घरातल्या प्रत्येकाचे काय होईल हे पाहत.

पस्तापूरच्या बायांनी काय केले

असे कुणी केले आहे का? केले आहे, आणि तेही बायकांनी.

आपल्या मराठवाड्याच्या सीमेपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या जहीराबादजवळ पस्तापूर नावाचे गाव आहे. आंध्रात 1983 मध्ये रेशनवर दोन रुपये किलो तांदूळ सुरू झाला. गरिबाच्या घरी भात शिजू लागला हे चांगलेच झाले. पण तांदूळ दूरच्या कालव्याच्या मुलखातून येई आणि इथल्या माळावरची ज्वारी कुणाला नकोशी झाली. हलक्या जमिनी पडीक राहू लागल्या. जमीन पडीक, म्हणजे बाईच्या हाताला खुरपणीचे कामही नाही.

तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या मदतीने गावोगाव बायकांचे संघम् उभे राहिले होते. बहुतेक बायका दलित, थोड्याशा जमिनीच्या किंवा मजुरीवर जगणाऱ्या. 1990 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी सरकारकडून मिळालेल्या पैशातून एक युक्ती केली. पडीक जमीन असलेल्या लहान शेतकऱ्याला नांगरट, शेणखत, पेरणी यांसाठी कर्ज द्यायचे आणि ते पैशात नव्हे, तर ज्वारीत फेडून घ्यायचे. ती ज्वारी गावातच साठवायची. मग गावातली कुठली घरे खरोखर नडलेली आहेत हे बायकांनीच बसून ठरवायचे, आणि त्या घरांना पावसाळ्यातल्या अडचणीच्या महिन्यांत ती बाजारभावापेक्षा स्वस्त द्यायची.

गावातले धान्य, गावातले कोठार आणि गावातलेच रेशन! जमीन पिकली, बायकांना काम मिळाले, गुरांना कडबा मिळाला आणि ताटात भाकरी आली. कुठली बाई नडलेली आहे हे तालुक्याच्या कचेरीला काय कळणार? ते शेजारणीलाच ठाऊक असते. या बायकांच्या कामाला 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

मग एका राज्याने मनावर घेतले

गावात जमले ते राज्याला जमेल का? ओडिशाने 2017 मध्ये तसा प्रयत्न सुरू केला. आधी 7 जिल्ह्यांतले 30 ब्लॉक एवढेच घेतले. मुख्यतः आदिवासी भाग. तिथे नाचणीला मंडिया म्हणतात.

त्यांनी कामाचा जो क्रम लावला तो मला फार आवडला. आधी विचारले, की पिकवणाऱ्याच्या घरात मंडिया शिजते का? ती पुन्हा त्यांच्याच ताटात यावी हे पहिले उद्दिष्ट ठेवले. मग शेतकऱ्याला पहिली काही वर्षे थोडी मदत दिली, आणि ती दर वर्षी कमी करत नेली, म्हणजे तो कायमचा मिंधा होऊ नये. पुढे 2018-19 पासून हमीभावाने खरेदी सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे 18 हजार क्विंटल खरेदी झाली, आणि 2021-22 मध्ये ती 3 लाख क्विंटलांच्या वर गेली. विकत घेतलेली मंडिया काही जिल्ह्यांत रेशनवर दिली. 2020 पासून केओंझर जिल्ह्यात अंगणवाडीतल्या लहान मुलांना तिचे लाडूही मिळू लागले.

आणि एक गोष्ट त्यांनी ओळखली. नाचणी मळून, कांडून, दळून पिठापर्यंत आणायची म्हणजे बायकांचे हाड न् हाड दुखते. म्हणून मळणीची आणि दळायची यंत्रे गावात नेली आणि पुष्कळ ठिकाणी बचत गटांच्या ताब्यात दिली.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातही रेशनवर दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी देण्याचा प्रयत्न झाला आहे. मग आपल्याकडे का नसावे? 2023 हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. भाषणे झाली, प्रदर्शने झाली, हॉटेलांत नाचणीचा केक मिळू लागला. पण मावशींच्या कार्डावर दर महिन्याला ज्वारी आली का? खरी परीक्षा तीच.

आणि भाकरी थापायची कुणी?

आता जरा घरातले बोलू. कारण असल्या चर्चेत ही गोष्ट पुरुषमंडळी हटकून विसरतात.

पोळीची कणीक एकदा मळून ठेवली की झाले. भाकरीचे पीठ एकेका भाकरीपुरते मळावे लागते, ती गरमच वाढावी लागते आणि तव्यापासून हलता येत नाही. आठ तास नोकरी करून आलेल्या बाईला "आता भाकरी खात जा, आरोग्याला चांगली" असे सांगणे सोपे असते. जगाची शेती सुधारायची आणि त्याचे सगळे ओझे एका बाईच्या मनगटावर टाकायचे, हे काही बरोबर नाही.

तेव्हा पहिला ठराव घरात करा. ज्याला भाकरी हवी त्याने ती थापायला शिकावे. मुलगा असो की नवरा! हात पोळेल एकदा-दोनदा. आपले नाही का पोळले? शेजारची एखादी बाई भाकऱ्या करून विकत असेल, तर तिच्याकडून योग्य पैसे देऊन घ्या. त्यात कमीपणा मुळीच नाही. तिच्याही चुलीला आधार होतो.

आता थोड्या हाताखालच्या युक्त्या:

ज्वारीचे पीठ ताजे असू द्या. महिनाभराच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेला चिरते. अशा पिठाला उकळते पाणी घालून पाच मिनिटे झाकून ठेवा आणि मग तळहाताने भरपूर मळा. भाकरी मोडत नाही.

बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणा. बाजरीत तेल जास्त, म्हणून पीठ लवकर कडवट होते.

थापता येत नसेल तर उकड काढून पोळीसारखी लाटा. आजी नाक मुरडतील, पण मुले खातील.

नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद आचेवर भाजा आणि दळा. हे सत्त्व दुधात किंवा ताकात शिजवले की मुलांचा सकाळचा प्रश्न सुटतो. थालिपिठाच्या भाजणीत, धिरड्यात, घावनात मूठभर घातली तर कुणाला कळतही नाही.

फेब्रुवारी-मार्चात नवी शाळू निघते. चार घरांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी एकदम घ्यावी. कडक ऊन द्यावे, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरावी. स्वस्त पडते आणि सगळे पैसे पिकवणाऱ्याच्या हाती जातात.

आठवड्यातून सातही दिवस नको. दोन-तीन दिवस पुरे. बदल रुळायला वेळ द्यायचा, हे आपण श्रीलंकेवरून शिकलोच.

कार्डावर नाव कुणाचे?

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती फार थोड्या बायकांना माहीत आहे.

2013 च्या त्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख कोण, माहीत आहे? घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री! प्रत्येक रेशन दुकानासाठी दक्षता समिती असावी आणि तीत स्त्रियांना स्थान असावे, असेही कायदा म्हणतो. दुकाने चालवायला देताना बचत गटांना, पंचायतींना प्राधान्य द्यावे आणि दुकानात हळूहळू निरनिराळी धान्ये आणावीत, हेसुद्धा त्यात लिहिले आहे.

मग मैत्रिणींनो, आपल्या वॉर्डातल्या दक्षता समितीत कोण बायका आहेत, एवढे तरी विचारून पाहाल? तुमच्या घरी रेशन येत नसले तरी विचारा. मंडळाच्या, भिशीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. नगरसेवक हळदीकुंकवाला हजर राहतातच. त्यांना वाणाबरोबर हा प्रश्नही द्या: "आमच्या दुकानात महिन्याला माणशी एक किलो तरी ज्वारी का येत नाही? आणि ती आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडून का घेत नाही?" अंगणवाडीत, शाळेच्या खिचडीत आठवड्यातून एक दिवस ज्वारी-नाचणीचे काही देता येईल का, हेही विचारा. एकीने विचारले तर हसतील. चाळीसजणींनी सही करून विचारले तर कागद पुढे सरकतो.

त्या दिवशी गिरणीत शेवटी ज्वारीचे चार डबे जमले. गिरणीवाल्यांनी पट्टा चढवला. गरम पिठाचा तो गोडसर वास दरवळला. मावशी जायला निघाल्या होत्या, त्या दारात थबकल्या. म्हणाल्या, "वास कसा माहेरचा येतोय!" मी त्यांना दोन ओंजळी पीठ बांधून दिले. पण घरी येताना वाटले, दोन ओंजळी देऊन मी माझे मन शांत केले, इतकेच. मावशींना माझ्या डब्यातले पीठ नको आहे. त्यांच्या कार्डावर त्यांच्या हक्काची ज्वारी हवी आहे.

म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही पाच-सातजणी रेशन दुकानाच्या दक्षता समितीची चौकशी करायला जाणार आहोत. तुम्हीही आपापल्या गावी जाऊन या. रुसलेले माणूस नुसते घरात बसून परत येत नाही. त्याला आणायला दारापर्यंत जावे लागते.